परत पाठवताना कारण

'शेतकऱ्यांना' हा शब्द मराठीत दोन तऱ्हांनी टाइप होतो आणि पडद्यावर दोन्ही अगदी सारखेच दिसतात. एका कीबोर्डवर त्यातला अर्धा र 'ऱ' या स्वतंत्र अक्षरापासून तयार होतो. दुसऱ्या कीबोर्डवर आधी साधा र येतो, मग पाय मोडण्याचं हलन्तचिन्ह आणि त्यामागे एक न दिसणारं चिन्ह. त्या चिन्हाला रुंदी नाही, उच्चार नाही. संगणकाला मात्र ते तीन बाइट दिसतात: ई२, ८०, ८डी. हल्लेखोर अशीच न दिसणारी चिन्हं घातक शब्दांच्या मधोमध पेरतात, म्हणजे तो शब्द शोधणाऱ्या यंत्राला तो सापडत नाही. त्यावर उपाय म्हणून एका शेतीविषयक संस्थेच्या वेबसाइटवर आमच्याआधीच्या कंत्राटदाराने सरसकट नियम लावून ठेवला होता: असं चिन्ह आलं की विनंती अडवायची.

झालं असं, की त्या संस्थेचा चौकशीचा फॉर्म काही गावांतून पोहोचायचा आणि काही गावांतून पोहोचायचा नाही. लोक फोन करून सांगायचे, साइट बंद आहे. ऑफिसातून बघितलं की साइट चालू. ऑफिसातल्या मुलाने तोच मजकूर स्वतः टाइप करून पाठवला की तोही जायचा, कारण त्याचा कीबोर्ड पहिल्या तऱ्हेचा होता. 'शेतकऱ्यांना', 'सातबाऱ्यावर', 'पायऱ्या', 'दुसऱ्या' असे शब्द आल्याशिवाय त्या फॉर्मवरचं एकही वाक्य पुरं होत नव्हतं.

हे कोडं आमच्या ऑफिसातल्या काकांनी सोडवलं. त्यांनी एका शेतकऱ्याला विनंती केली, की फॉर्ममध्ये लिहिलंत तेच, एक अक्षर न बदलता, व्हॉट्सॲपवर पाठवा. तो मजकूर त्यांनी बाइटच्या रूपात उघडला, ऑफिसात टाइप केलेली ओळ त्याच्याखाली ठेवली, दोन्हींची प्रिंट काढली आणि लाल पेनाने एका जागी गोल केला. मग मला हाक मारली. "हे बघ. इथे ई०, ए५, ८डी म्हणजे हलन्त. त्याच्या पाठोपाठ ते चिन्ह आलंय. हलन्ताच्या पाठीमागे आलं तर ती मराठी आहे. इंग्रजी शब्दाच्या पोटात आलं तर संशय घे." नियम काढून टाकायचा नव्हता, त्याला मराठी शिकवायची होती. वेबसाइटच्या पत्त्यात आणि लॉगिनच्या नावात ते चिन्ह आजही अडतं. मजकुराच्या रकान्यात हलन्तानंतर आलं तर जाऊ देतो.

वेबसाइटचं संरक्षण हे माझं रोजचं काम आहे आणि त्यात मला जे काही नीट येतं त्यातलं बरंचसं काकांनी दिलेलं आहे. उरलेलं ज्यांनी दिलं त्यातल्या कुणालाही मी भेटलेले नाही.

काका एका राष्ट्रीयीकृत बँकेत होते. आधी काउंटरवर, मग ईडीपी म्हणजे संगणक विभागात. सरकारी बँकांमध्ये स्वेच्छानिवृत्तीची लाट आली तेव्हा, २००१ मध्ये, ते बाहेर पडले आणि काही वर्षांनी पुण्यातल्या आमच्या लहानशा कंपनीत आले. पतसंस्था, शाळा-कॉलेजं, ग्रंथालयं, सहकारी संस्था अशा गिऱ्हाइकांच्या वेबसाइट आम्ही सांभाळतो. मी आले तेव्हा काका तिथे जुने झाले होते आणि मालकापासून चहावाल्या पोरापर्यंत सगळे त्यांना काकाच म्हणत. ते मला पहिल्या दिवसापासून 'अगं' म्हणत आणि हातातलं काम पुरं झाल्याशिवाय उठू देत नसत.

हे काम चालतं कसं ते थोडक्यात सांगते. वेबसाइटच्या नावाची आणि तिच्या सर्व्हरच्या पत्त्याची सांगड डीएनएस घालतं. तिथे आपल्या सर्व्हरऐवजी संरक्षण देणाऱ्या क्लाउड सेवेचा पत्ता दिला, की येणारा प्रत्येकजण आधी त्यांच्या जवळच्या केंद्रात पोहोचतो. बार्शीहून कुणी फॉर्म भरला तरी तो बहुधा आधी मुंबईतल्या केंद्रात उघडला जातो, आम्ही लिहून दिलेल्या पॉलिसीशी ताडून पाहिला जातो आणि मगच मूळ सर्व्हरकडे जातो. पॉलिसी म्हणजे क्रमाने लावलेले नियम. प्रत्येकात एक अट आणि एक कृती: जाऊ दे, अडव, माणूस आहे की यंत्र ते तपास, किंवा नुसती नोंद कर. क्रमाला फार महत्त्व आहे. बऱ्याच सेवांमध्ये पहिला लागू पडलेला नियम निकाल देतो आणि पुढचे वाचलेच जात नाहीत. वर एखादी ढिली सवलत राहून गेली तर खालचे कडक नियम असून नसल्यासारखे.

कुठलंही नवं गिऱ्हाईक आलं की काका पहिल्यांदा मूळ सर्व्हरचा जुना पत्ता शोधत. डीएनएस बदललं तरी तो पत्ता लपतोच असं नाही. मेलसाठी काढलेल्या एखाद्या जुन्या नोंदीत तो उघडाच पडलेला असतो. तो सापडला की क्लाउडला वळसा घालून सरळ सर्व्हरवर जाता येतं, मग पुढची पॉलिसी कितीही चांगली असली तरी फुकट. म्हणून आधी मूळ सर्व्हरवर बंदोबस्त करायचा, की फक्त त्या सेवेच्याच पत्त्यांवरून आलेलं स्वीकारायचं. हे झाल्याशिवाय काका सेवेचं पॅनल उघडूच देत नसत.

आणि पॅनल उघडलं तरी तयार नियमांचं बटण दाबू देत नसत. "त्या बटणामागची फाइल वाचलीस का?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न. त्या फाइलींमुळे मी ज्यांची ऋणी झाले त्यांच्याविषयी इथे लिहायलाच हवं.

इव्हान रिस्टिच यांनी २००२ मध्ये मॉडसिक्युरिटी लिहायला घेतलं. वेबसाइटकडे येणारी प्रत्येक विनंती उघडून वाचणारं आणि नियमांशी ताडून पाहणारं हे सॉफ्टवेअर त्यांनी सगळ्यांसाठी खुलं ठेवलं. पुढे त्याच्यासाठी ओवॅस्प या संस्थेच्या छत्राखाली स्वयंसेवकांनी नियमांचा एक मोठा संच उभा केला, कोअर रूल सेट. आज अनेक क्लाउड सेवांच्या पॅनलवर जे 'तयार नियम' म्हणून दिसतात, त्यांच्या मुळाशी या संचातलं काम आहे. काकांनी मला तो संच फाइलीमागून फाइल वाचायला लावला. प्रत्येक नियमाला क्रमांक आहे आणि बऱ्याच नियमांवर तो का लिहिला हे सांगणारी टिप्पणी आहे. कुणीतरी, कुठल्यातरी देशात, नोकरी सांभाळून, पुढे येणाऱ्या अनोळखी माणसासाठी ते लिहून ठेवलंय. मी ते वाचत मोठी झाले.

त्या संचाची पद्धत मला आजही फार शहाणपणाची वाटते. एका लक्षणावरून कुणाला गुन्हेगार ठरवायचं नाही. प्रत्येक संशयाला गुण: गंभीर असेल तर ५, त्याखालोखाल ४, ३, २. बेरीज ठरलेल्या मर्यादेला पोहोचली तर विनंती अडवायची. मर्यादा मुळात ५ दिलेली आहे, म्हणजे एकच गंभीर खूण पुरते. पण सुरुवातीला ती वर नेऊन, लॉग वाचत वाचत खाली आणता येते. शिवाय कडकपणाच्या चार पायऱ्या आहेत. पहिलीवर सर्वसाधारण साइट बिनघोर चालते. वर चढाल तसे नियम वाढतात आणि निष्पाप माणूस अडकण्याची शक्यताही वाढते.

त्यातल्या तिसऱ्या पायरीवर एक नियम आहे, क्रमांक ९२०२७२. विनंतीत इंग्रजी छापील चिन्हांच्या पलीकडचा बाइट आला की तो संशय घेतो. देवनागरीचं प्रत्येक अक्षर, प्रत्येक काना, प्रत्येक मात्रा तीन बाइटची असते आणि ते तिन्ही बाइट त्या हद्दीच्या बाहेर पडतात. म्हणजे एका संस्थेच्या संचालकांनी "आपल्याला सगळ्यात कडक सुरक्षा द्या" असा ठराव केला, तो शब्दशः पाळला असता तर त्या साइटवर कुणालाही मराठीत स्वतःचं नाव लिहिता आलं नसतं. काकांनी तो नियम प्रिंट करून बैठकीत नेला आणि अध्यक्षांना त्यांचंच नाव चाचणीच्या फॉर्मवर टाइप करायला सांगितलं. ठराव बदलला. नियम लिहिणाऱ्यांचा यात दोष नाही. ती पायरी कुणासाठी आहे ते त्यांनी लिहून ठेवलेलं आहे, ते वाचायला हवं.

लांबीचंही तसंच. एका मोठ्या क्लाउड सेवेच्या तयार नियमसंचात ८ केबीपेक्षा मोठा मजकूर अडवणारा नियम आहे. इंग्रजी अर्ज आठ हजार अक्षरांपर्यंत त्यात बसतो. साध्या वेबफॉर्ममधून जाताना देवनागरी चिन्हाचे तीन बाइट प्रत्येकी तीन खुणांनी लिहिले जातात, म्हणजे एका चिन्हाला नऊ. काने-मात्रा धरून साधारण नऊशे चिन्हं झाली की मर्यादा संपली. मराठीत मनापासून, सविस्तर तक्रार लिहिणारा माणूस इथे नेमका अडतो आणि इंग्रजीत लिहिणारा सुटतो. याचा शोध लागला तेव्हा मला वाईट वाटलं होतं, आणि काकांना राग आला होता. त्यांनी त्या दिवशी सगळ्या गिऱ्हाइकांचे तक्रारीचे फॉर्म तपासायला काढले आणि त्या एका रकान्यापुरती मर्यादा वाढवून घेतली.

अवतरणचिन्हाची कथा तर या धंद्यातली सगळ्यात जुनी. १९९८ च्या डिसेंबरमध्ये जेफ फॉरिस्टल यांनी फ्रॅक या नियतकालिकात दाखवून दिलं, की फॉर्ममध्ये भरलेल्या मजकुरातून डेटाबेसला भलताच हुकूम देता येतो. एकेरी अवतरणचिन्ह आलं की डेटाबेसला वाटतं मजकूर संपला, आणि पुढचं तो आज्ञा म्हणून वाचतो. या हल्ल्याला एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात. तेव्हापासून अवतरणचिन्ह दिसलं की अडवा, असे नियम कितीतरी ठिकाणी लिहिले गेले. आता वसईतली पतसंस्था घ्या. तिथल्या सभासदांत डि'सोझा, डि'मेलो, डि'सिल्वा अशी आडनावं घरोघरी, आणि इंग्रजीत ती बहुधा अवतरणचिन्हासह लिहिली जातात. पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणारी ही मंडळी नव्या खात्याचा फॉर्म भरत होती आणि फॉर्म परत येत होता. संस्थेच्या बाईंनी आम्हाला सांगितलं, की लोक चिन्ह गाळून आडनाव लिहितात, आणि मग ते आधार कार्डाशी जुळत नाही.

काकांनी तिथे मला निक गॅलब्रेथ यांचं लिबइंजेक्शन वाचायला दिलं. २०१२ मध्ये त्यांनी ते जगापुढे ठेवलं. नुसतं चिन्ह बघण्याऐवजी ते मजकुराचे तुकडे पाडतं आणि त्या तुकड्यांची मांडणी डेटाबेसच्या आज्ञेसारखी आहे का ते ओळखतं. डि'सोझा हे आडनाव त्यातून सुटतं. आज्ञा घुसवलेला मजकूर सापडतो. जुना ढोबळ नियम काढून त्या जागी हा आला. त्याच आठवड्यात संस्थेच्या प्रोग्रॅमरला बसवून मूळ प्रोग्रॅममधली डेटाबेसची भाषाही नीट करून घेतली, म्हणजे मजकूर आणि आज्ञा एकत्र मिसळणारच नाहीत. दारावरचा नियम हा तात्पुरता आधार आहे, दुरुस्ती आत व्हायला हवी, हे काका प्रत्येक वेळी सांगत आणि प्रत्येक वेळी करूनही घेत.

अडवलेल्या माणसाला काय दिसतं, यावर आमचा सगळ्यात मोठा वाद झाला. सेवेकडून मिळणारं तयार पान इंग्रजीत असतं: तुम्हाला प्रवेश नाही, आणि खाली आकडे-अक्षरांचा एक लांबलचक क्रमांक. काका म्हणाले, "अगं, चेक परत करताना आम्ही त्याला मेमो लावायचो. सही जुळत नाही, शिल्लक अपुरी, तारीख उलटून गेली, जे असेल ते कारण टिकमार्क करून. कारण न देता चेक परत केला असता तर खातेदार मॅनेजरच्या केबिनमध्ये जाऊन बसला असता. इथे माणूस परत जातो आणि त्याला ठाऊकसुद्धा नाही, का." त्यांचं म्हणणं होतं, पानावर कारण लिहा. मी म्हटलं, काका, कारण लिहिलं तर हल्लेखोरालाही कळेल की कुठल्या नियमात अडकलो, मग तो तेवढंच बदलून पुन्हा येईल. त्यांनी ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाले, "तुझं बरोबर आहे. कारण लॉगमध्ये राहू दे. पण माणसापाशी त्या लॉगची चावी हवी, आणि ती घेऊन कुठे जायचं ते कळायला हवं."

मग आम्ही दोघांनी मिळून ते पान मराठीत लिहिलं. आजही आमच्या सगळ्या गिऱ्हाइकांच्या साइटवर तेच आहे: "आपण पाठवलेली माहिती संकेतस्थळाच्या सुरक्षा यंत्रणेने थांबवली आहे. यात आपली काही चूक असेलच असे नाही. कृपया खालील क्रमांक या दूरध्वनीवर कळवा. सकाळी दहा ते संध्याकाळी सहा या वेळेत आपला फोन घेतला जाईल." लांबलचक क्रमांकातली शेवटची सहा अक्षरं मोठ्या टाइपात, कारण फोनवर वयस्कर माणसाला तेवढीच नीट वाचून सांगता येतात. फोन आला की ती सहा अक्षरं आणि वेळ यांवरून लॉग काढायचा, कुठला नियम लागला ते बघायचं, आणि सांगितल्याप्रमाणे परत फोन करायचा. परत फोन करण्याचं काम काकांनी माझ्याकडे दिलं आणि कधी काढून घेतलं नाही. रत्नागिरीच्या एका शिक्षिकेने मला एकदा विचारलं होतं, "म्हणजे तुम्ही खरंच फोन करता?" तेव्हा मला फार बरं वाटलं.

पत्त्यावरून अडवण्याच्या बाबतीतही काका हट्टी होते. एकाच आयपी पत्त्यावरून भराभर विनंत्या आल्या की अडवायचं, असा नियम सगळेच लावतात. पण आपल्याकडे मोबाइल कंपन्या कितीतरी ग्राहकांना एकाच पत्त्याआडून इंटरनेट देतात. तो पत्ता बंद केला की हल्लेखोराबरोबर शेकडो निरपराध माणसं बाहेर. कॉलेजच्या प्रवेशाच्या दिवसांत तर अख्खी लॅब एका पत्त्यावरून फॉर्म भरत असते. म्हणून शक्य तिथे आम्ही पत्त्याऐवजी लॉगिन मोजतो. कोकणातल्या एका पतसंस्थेला 'फक्त भारतातून' असा नियम हवा होता. काकांनी आधी परदेशातून झालेल्या खऱ्या लॉगिनांची यादी काढली. दुबई, मस्कत, दोहा. कर्जाचे हप्ते भरणारी मुलं तिकडे होती. नियम त्या देशांना वगळून लागला.

नवा नियम थेट अडवण्याच्या कृतीत टाकायचा नाही, आधी नुसती नोंद करू द्यायची, हे या कामातलं पहिलं पथ्य. कुठे याला काउंट म्हणतात, कुठे प्रिव्ह्यू, कुठे डिटेक्शन. काकांनी त्याला स्वतःची अट जोडली होती: मधे एक महिनाअखेर आणि एक पगाराचा आठवडा गेलाच पाहिजे. पतसंस्थेकडे येणारी गर्दी महिन्याच्या पंधरा तारखेला वेगळी असते आणि एक तारखेला वेगळी. बँकेत उभा राहिलेला माणूसच ही अट घालू शकतो.

या पथ्याला २ जुलै २०१९ ला एक पुरवणी जोडली गेली. त्या संध्याकाळी, आपल्या घड्याळात सात वाजून बारा मिनिटांनी, क्लाउडफ्लेअर या संरक्षण देणाऱ्या क्लाउड सेवेने आपल्या फायरवॉलमध्ये एक नवा नियम जगभर एकदम सोडला. तो नुसत्या नोंदीच्या पद्धतीतच सोडला होता, कुणालाही अडवणार नव्हता. पण त्यातला शोधाचा साचा असा लिहिला गेला होता, की तो ताडून बघताना त्यांच्या सर्व्हरची सगळी ताकद त्यातच खर्ची पडली आणि जगभरच्या असंख्य साइट सुमारे सत्तावीस मिनिटं बंद पडल्या. नंतर त्यांच्या जॉन ग्रॅहम-कमिंग यांनी त्याचा तपशीलवार अहवाल लिहिला. तो साचा जसाच्या तसा छापला, कुठल्या मिनिटाला काय झालं ते सांगितलं, स्वतःच्याच यंत्रणेच्या पॅनलवर त्यांच्या माणसांना शिरता येत नव्हतं हेही लपवलं नाही, आणि शेवटी साच्याचा दोष धड्यासारखा उलगडून दाखवला.

काकांनी त्या अहवालाची प्रिंट काढून आम्हा सगळ्यांना बसवलं आणि फळ्यावर तो दोष सोडवून दाखवला. साच्यात 'काहीही, कितीही' असं सांगणारी खूण दोनदा लागोपाठ होती आणि त्यानंतर बरोबरचं चिन्ह. पहिल्या 'काहीही'ने किती अक्षरं घ्यायची आणि दुसऱ्याने किती, याच्या प्रत्येक वाटणीचा यंत्र प्रयत्न करत बसतं. बरोबरच्या चिन्हानंतर वीस अक्षरं आली तर ५५५ पावलं पडतात. बरोबरचं चिन्हच नसेल, नुसती वीस अक्षरं असतील, तर 'जुळत नाही' एवढं ठरवायला ४,०६७. हे आकडे त्या अहवालातच आहेत. काका खडू खाली ठेवून म्हणाले, "नुसती नोंद म्हणजे काहीच होत नाही, असं मीही तुम्हाला सांगत आलो. ते पुरं नाही. नोंद करणारा नियमही चालतोच, आणि तो किती वेळ खातो तेही बघायचं." त्या दिवसापासून आमच्या नोंदवहीत प्रत्येक नव्या नियमापुढे वेळेचा रकाना आला.

ज्या माणसांनी आपली फजिती इतक्या बारकाईने जगापुढे मांडली, त्यांचं माझ्यावर ऋण आहे. त्यांनी दोन ओळींचं दिलगिरीचं पत्रक काढलं असतं तरी चाललं असतं. त्या पानांतून मी जे शिकले ते शिकायला एरवी कुणाच्या तरी साइटला किंमत मोजावी लागली असती.

२०२० च्या टाळेबंदीनंतर काका देवरुखला, आपल्या गावी गेले. पुढच्या वर्षीच्या डिसेंबरमध्ये लॉगफोरजेचं प्रकरण उद्भवलं. जावाच्या कितीतरी प्रोग्रॅममध्ये नोंदी लिहिण्यासाठी वापरलं जाणारं हे एक छोटं साधन. नोंदीत एक विशिष्ट ओळ आली, की ते बाहेरच्या सर्व्हरवरून प्रोग्रॅम आणून चालवत असे. डॉलरचं चिन्ह, महिरपी कंस, आत जेएनडीआय. एवढी ओळ कुठल्याही रकान्यात, अगदी ब्राउझरच्या नावातही लिहिली तरी पुरे. अलीबाबाच्या क्लाउड सुरक्षा पथकातल्या चेन झाओजुन यांनी ते २४ नोव्हेंबरला, ते साधन ज्यांच्या छत्राखाली बनतं त्या अपाचे संस्थेला कळवलं होतं. १० डिसेंबरपर्यंत ते जगजाहीर झालं आणि हल्ले सुरू झाले. क्लाउड सेवांनी काही तासांत नियम दिले. हल्लेखोरांनी त्याच शब्दाची अक्षरं वेगवेगळ्या कंसांत तोडून नियम चुकवायला सुरुवात केली, मग नियमांच्या सुधारित आवृत्त्या आल्या. शुक्रवार ते सोमवार आम्ही ऑफिसातच होतो. यावेळी महिनाअखेरीची वाट बघणं शक्य नव्हतं. नियम थेट अडवण्याच्या कृतीत लावले आणि कुणी निरपराध अडकतंय का ते बघायला एकजण सतत लॉगसमोर बसला.

रविवारी रात्री काकांचा फोन आला. बातम्यांत ऐकलं होतं त्यांनी. "रूल लावलेस?" म्हटलं, लावले. "आतली लायब्ररी बदलली?" म्हटलं, दोन संस्थांची राहिलीय, त्यांचा प्रोग्रॅमर सुट्टीवर आहे. "मग तुझं काम राहिलंय. त्याच्या घरी फोन कर." केला. त्या महिन्यात अपाचेच्या स्वयंसेवकांनी २.१५.० पासून २.१७.१ पर्यंत एकामागून एक दुरुस्त्या काढल्या. नाताळच्या दिवसांत, लोकांच्या शिव्या खात. आम्ही त्या प्रत्येक वेळी लावल्या. ते साधन सांभाळणारे मोजकेच लोक होते, आणि जगातल्या बड्या कंपन्या ते फुकट वापरत होत्या. हे मला अजूनही अन्यायाचं वाटतं, आणि म्हणून आमच्या कंपनीत आता दरवर्षी अशा प्रकल्पांसाठी थोडी रक्कम बाजूला काढतो. ती अगदी लहान आहे, पण चुकवत नाही.

२८ एप्रिल २०२२ ला सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेचे निर्देश आले: सायबर घटना कळल्यापासून सहा तासांत कळवायची आणि लॉग १८० दिवस देशातच जपून ठेवायचे. आजूबाजूच्या बऱ्याच कंपन्यांची तारांबळ उडाली. आमच्याकडे काकांची वही होती. वही म्हणजे साधी स्प्रेडशीट, पण त्यांनी ठरवलेल्या रकान्यांची: नियम किंवा सवलत, कुठल्या रकान्यापुरती, कुणी मागितली, का दिली, कुणी तपासली, पुन्हा कधी तपासायची. शेवटचा रकाना रिकामा असेल तर ओळच लिहून घेत नसत. "सवलत देताना सगळे असतात, काढताना कुणी नसतं," म्हणत.

त्या वहीत त्यांच्या आद्याक्षरांच्या ओळी पुष्कळ होत्या. ते गावी गेल्यावर मला त्या काढाव्याशा वाटेनात. एकदा फोनवर बोलताना माझ्या तोंडून ते निघून गेलं. ते रागावलेच. "माझी नोंद आहे म्हणून ठेवू नकोस. कारण संपलं असेल तर आजच काढ." तेव्हापासून एकेक ओळ तपासत आले. जुन्या साइट बंद झाल्या, प्रोग्रॅम सुधारले, सवलती संपल्या. प्रत्येक ओळ काढली की त्यांना कळवते. ते कारण विचारतात, आणि पटलं तर "बरं" म्हणतात.

आता एकच राहिली आहे. एका पतसंस्थेच्या हप्त्यांचे पैसे जमा झाले, की पेमेंट कंपनीचा सर्व्हर संस्थेच्या सर्व्हरला तसा निरोप पाठवतो. 'तुम्ही माणूस आहात का' ही तपासणी त्या निरोपाला लागली तर सर्व्हर काय उत्तर देणार. पैसे खात्यातून जातील आणि हप्ता थकलेलाच दिसेल. म्हणून त्या एका पत्त्यापुरती ती तपासणी काकांनी बंद ठेवली होती. बाकीचे नियम तिथे चालूच आहेत आणि निरोपावरची सही आतला प्रोग्रॅम पडताळून घेतो. संस्था आता पेमेंट कंपनी बदलते आहे, नव्या निरोपांचा पत्ता वेगळा असेल. मार्चअखेरची गर्दी ओसरली की जुनी ओळ काढायची आणि नवी, माझ्या आद्याक्षरांची, लिहायची, असं संस्थेच्या सचिवांशी ठरलं आहे. काकांना मसुदा पाठवला होता. त्यांनी शेवटच्या रकान्यातली तारीख तीन महिने अलीकडे आणून परत पाठवला, आणि खाली कारणही लिहिलं आहे: नवी कंपनी, पहिल्या तिमाहीतच बघ.